बांधावरचा पीर आणि सोनेरी महाल

सोनेरी महालात सोनं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा हेलपाटा वाचेल. पूर्वी भिंतीवर सोन्याच्या पाण्यानं नक्षी काढली होती म्हणे. सोनं गेलं, नाव राहिलं. माझा सगळा जन्म या शहरात गेला. महालाच्या रस्त्यानं कडब्याची गाडी घेऊन किती वेळा गेलो, त्याला गणती नाही, पण आत कधी पाय टाकला नव्हता. राजानं बोलावल्याशिवाय राजाच्या घरी जायचं नाही, असा माझा कायदा. आणि राजा मरून तर लई वर्षं झाली.

शेवटी गेलो ते टाईल्सच्या भांडणापायी.

जटवाड्याच्या रस्त्याला आमची वडिलांपासूनची जमीन आहे. बरीचशी प्लॉटिंगमध्ये गेली, थोडी राहिली. मी आता पोराकडं गारखेड्यात राहतो आणि गच्चीवर कुंडीत मेथी लावून शेतकरी असल्याचं समाधान करून घेतो. राहिलेल्या त्या शेताच्या बांधावर आमचा पीर आहे. चौकोनी खांब, माझ्या छातीइतका उंच, चुन्यात बांधलेला, डोक्यावर दगडी झाकण. अंगावर गिलाफ, म्हणजे हिरवी चादर, आणि दर गुरुवारी ऊद. घरात लगीन निघालं की पहिली पत्रिका पीराला. चपात्या कुस्करून गूळ-तूप घातलेला मलीदा पीराला. नवा गिलाफ पीराला. मग बाकीचे देव, मग पाव्हणे. पुण्याकडचे सोयरे विचारतात, पाटलाच्या घरात पीर कसा? आमच्याकडं पीराशिवायचं एक घर दाखवा, मग बोला.

पीर बांधावर आहे, हीच सगळी गोम. बांधाच्या पलीकडं चुलतभाऊ, माझ्या आज्याच्या भावाचा नातू. पहिला गिलाफ कुणी चढवायचा, यावरून आमच्या दोन घरांत आज्यापासून वाद आहे. मान आमचा, कारण आम्ही थोरल्या पातीचे. त्यांचं म्हणणं, पीराचं तोंड त्यांच्या शेताकडं आहे. चौकोनी खांबाला तोंड कुठं असतं ते त्यांनाच ठाऊक. पण या तोंडावरून माझा बाप आणि त्याचा बाप मरेपर्यंत बोलले नाहीत, आणि आम्ही दोघं बोलतो ते फक्त मयतीला.

नातवाचं लगीन ठरलं तेव्हा मी ठरवलं, यंदा नुसता गिलाफ नाही. पीराला टाईल्स बसवायच्या. चकचकीत हिरव्या. खाली सिमेंटचा ओटा, वर पत्र्याची शेड. त्या साली चुलतभावानं घराला पुढून टाईल्स लावल्या होत्या. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

टाईल्सची खोकी व्हरांड्यात येऊन पडली आणि नातीनं घर डोक्यावर घेतलं. ही नात म्हणजे नवरदेवाची मोठी बहीण. इमारती बांधायचं शिकली आणि जुन्या पडलेल्या इमारतींच्या प्रेमात पडली. रविवारी लोकं गोळा करून दरवाजे, मशिदी, मकबरे दाखवत उन्हातान्हात हिंडते. लोकंही येतात. रिकामपण कुणाला चुकलं नाही.

"आबा, त्याला सिमेंट लावू नका," ती म्हणाली.

"का? पीराला ॲलर्जी हाय?"

"तो चुन्याचा आहे. सिमेंटनं दम कोंडतो त्याचा. आतून ओल धरेल आणि फुटेल."

"इतकी वर्षं नाय फुटला."

"इतकी वर्षं तुम्ही हात लावला नाहीत म्हणून. आबा, एक करा. येत्या रविवारी माझ्याबरोबर सोनेरी महालात चला. मी काय सांगते ते ऐका. नाही पटलं तर गवंडी मी स्वतः आणून देते."

मी हो म्हणलं. आजकाल गवंडी मिळणं जावई मिळण्यापेक्षा अवघड आहे.

रविवारी मी फेटा बांधला, धोतर नेसलो, नव्या वहाणा घातल्या. महालाच्या दाराशी पंचवीसेक माणसं जमली होती. टोप्या, काळे चष्मे, पाठीला पाण्याच्या बाटल्या, जशी काय वाळवंटात निघाली होती. नात पुढं बोलत होती. मी कमानीपाशी आलो, वर बघितलं, हात कपाळाला लावला आणि सवयीनं वहाणा काढल्या. आमच्या शहरात कमान दिसली की पायातलं निघतंच. खुलताबादेत काढतो, मकबऱ्यात काढतो, शहागंजात मशिदीसमोर भाजी घेताना बी एकदा काढल्या होत्या.

माझ्या मागं एक चष्मेवाली बाई होती. तिनं बघितलं, म्हातारा माणूस, फेटेवाला, इथलाच दिसतो, याला रीत ठाऊक असणार. तिनं बूट काढले. तिच्या नवऱ्यानं काढले. मग सगळ्या रांगेनं काढले. महालासमोर लग्नाच्या मांडवासारखी पायताणं पडली. पहारेकरी धावत आला.

"अहो बाबा, काय चाललंय? हा महाल आहे, दर्गा नाही! घाला ते बूट!"

लोकं माझ्याकडं बघायला लागली. आता माघार घ्यायची म्हणजे पंचवीस माणसांसमोर येडं ठरायचं.

"राजाचं घर हाय का नाय?" मी विचारलं.

"आहे."

"मग राजाच्या घरात पायतण घालून शिरत्यात? तुमच्या घरी शिरतो का मी?"

पहारेकरी डोकं खाजवत माघारी गेला. लोकांनी हळूच बूट परत घातले. मी नाही घातले. सबंध महाल अनवाणी हिंडलो. दगड असा तापला होता की एका सावलीतून दुसऱ्या सावलीत मी उड्या मारत होतो आणि चेहरा मात्र राजासारखा ठेवला होता. नात जवळ येऊन म्हणाली, "आबा, पाय भाजतील." मी म्हणलं, "थंड हाय."

महाल चांगला आहे. उगीच नावं ठेवणार नाही. एका बुंदेल्या सरदारानं बांधला म्हणे, पातशहाबरोबर दख्खनेत आलेला. मालक रजपूत, कमानी मुसलमानी, दगड आपला आणि घाम कुणाचा ते लिहिलेलं नाही. आत तलवारी, मूर्ती, तांब्याची भांडी काचेत ठेवलीत. त्यातल्यासारखा एक हंडा आमच्या माळ्यावर आहे, त्यात आमची मंडळी जुनी गोधडी ठेवते. मला प्रश्न पडला होता तो वेगळाच. मी तो विचारला बी.

"सरदार संडासला कुठं जायचा?"

लोकं हसली. नात हसली नाही. उलट तिचा चेहरा खुलला.

"बरोबर विचारलं आबांनी," ती सगळ्यांना म्हणाली. "संडास, हौद, कारंजी, हमाम. एवढं पाणी या शहरात कुठून यायचं? इथं मोठी नदी नाही. खाम नदी उन्हाळ्यात आटते. तर हे सगळं शहर नहरीवर जगलं. डोंगराच्या पायथ्याशी पाणी धरलं, जमिनीखालून मातीच्या नळांतून आणलं. मोटर नाही, पंप नाही. आणि नळात हवा अडकू नये म्हणून वाटेत जागोजाग खांब उभे केले. जुने लोक त्याला बंबा म्हणायचे. नहर त्यातून श्वास घेते. असे खांब शेतांमध्ये अजून उभे आहेत."

असं म्हणून तिनं हातातल्या पाटीएवढ्या मोबाईलवर फोटो दाखवला. तो हातोहात फिरत माझ्याकडं आला.

हिरवा गिलाफ. दगडी झाकण. मागं चुलतभावाचं लिंबाचं झाड.

माझ्या पायाखालचा दगड भाजत होता, तो मला कळेनासा झाला. चष्मेवाली बाई म्हणाली, "किती गोड! लोक याची पूजा करतात?" एक माणूस मोबाईलवर हे सगळं चित्रित करत होता. नातीनं पीर कुणाचा ते सांगितलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण गप्प राहणं आमच्या पातीत नाही.

"तो आमचा पीर हाय!" मी ओरडलो. सबंध महाल घुमला. त्यासाठीच बांधला असावा.

"आबा..."

"बंबा म्हणती! तुला कुणी सांगितलं बंबा हाय?"

"मी वरचं झाकण सरकवून बघितलंय आबा. आत पोकळ आहे. खाली पाणी वाहतंय. ऐकू येतं."

"पीराच्या डोक्यावरचं झाकण तू सरकवलं?"

"हो. आणि परत नीट बसवलं."

"काय झालं नाय तुला?"

"हात खरचटला."

"बघा!" मी सगळ्यांना म्हणलं. "झाली का नाय प्रचिती?"

चष्मेवाल्या बाईनं मोठ्या आदबीनं विचारलं, "आजोबा, पण नवस पावतो का हा पीर?"

"पावतो का म्हंजे? घरात लेकरू होत नव्हतं, तवा माझ्या सुनेनं नवस केला. ती नवसाची पोरगी ही! ही समोर उभी राहून त्यालाच बंबा म्हणती ती!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते मला कळलं नाही. नात लाजेनं लाल झाली, आणि मला वाटलं, जिंकलो.

तिथून सगळे पाणचक्कीला गेलो. तिथं मी लहानपणापासून गेलो आहे, जत्रेत, उरुसात, बायकोला दाखवायला. उंचावरून पाणी हौदात पडतं ते बघायचं, माशांना फुटाणे टाकायचे, दर्ग्यापुढं हात जोडायचे आणि परत यायचं. त्या पाण्याच्या मागं काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. नातीनं मला बाजूला नेलं. नुसतं बोट दाखवलं. चुन्यातला चौकोनी खांब. तसाच. आमच्याहून उंच, एवढाच फरक. यातून पाणी वर चढायचं आणि पलीकडं पडायचं.

"हे पाणी कुठनं येतं?" मी विचारलं.

"जटवाड्याकडून."

मी फुटाणे टाकत राहिलो. मासे लई माजलेत तिथले.

दुपारी नातीनं शहरात नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला घातला. मी रागावलेलो होतो, म्हणून बोललो नाही. पण नान दोनदा मागून घेतला. खलियाचा आणि माझा काही वाद नव्हता.

संध्याकाळी घरी न जाता मी रिक्षानं मुजावराकडं गेलो. हा माझ्याच वयाचा. त्याचा बाप आमच्या पीरापुढं फातेहा पढायचा, आता हा पढतो. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून मलीदा चोरलेला आहे. दारात खाटेवर बसला होता.

"ये पाटील. वहाणा कुठं?"

वहाणा महालाच्या दारातच राहिल्या होत्या. नव्या. मी म्हणलं, "त्ये जाऊ दे. खरं सांग, आपला पीर पीर हाय का बंबा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग घरात बघून ओरडला, "चा रखो, पाटीलकू आज मालूम पड्या!"

"म्हंजे तुला ठाऊक होतं?"

"मेरे बापकू बी मालूम था, दादाकू बी. भांजा तो हर साल झगडता मेरेसे, के मामू, पानी के बंबेपे क्या चादर चढाते."

"मग तू पढत काय होता इतकी वर्षं?"

"फातेहा पढता. अल्ला के नाम का. बंबेकू थोडीच पढता मैं? बुजुर्गों के लिए दुआ मांगता. तेरे बाप का नाम लेता, तेरी माँ का लेता. तेरे दादा का तो रोज लेता, उसने मेरे दादाकू बैल दिया था."

मी चहा घेतला. आतून मला राग यायला पाहिजे होता, तो येईना.

"सांगितलं का नाय मला कधी?"

"तू सुनता क्या किसी की?" तो म्हणाला. मग माझा कप उचलत, "और मलीदा लई बढिया होता तुम्हारे घर का."

त्या आठवड्यात तो मोबाईलवाला माणूस काय करून बसला होता ते कळलं. माझं ओरडणं कुठंकुठं फिरत फिरत भावकीच्या ग्रुपवर आलं. खाली हसणारी तोंडं. बुधवारी सकाळी चुलतभाऊ गारखेड्यात दारात उभा. मयत नसताना तो माझ्या दारात प्रथमच आला होता. मंडळीनं मला विचारलं बी, "कोण गेलं?"

तो व्हरांड्यात टाईल्सच्या खोक्यावरच बसला.

"दादा, ऐकलं ते खरं का? तुमच्या घरानं पीर सोडला म्हणं."

"कोण म्हणतं?"

"तुमचीच नात. बंबा हाय म्हणती. शिकलेली पोरगी, खोटं कशाला बोलंल? तर माझं काय म्हणणं, तुमचा विश्वास उडालाय, उडू द्या. जबरदस्ती नाय. उद्या गुरुवारी लग्नाचा गिलाफ आम्ही चढवतो. गवंडी बी ठरवलाय. पांढऱ्या टाईल्स आणल्यात, संगमरवरासारख्या. तुमच्या हिरव्या न्हाणीत लावा."

"बंबा असंल तर बंब्याचा मान बी आमचाच हाय," मी म्हणलं.

"ते उद्या बघू," म्हणून तो गेला. चहा न घेता. मंडळीनं टाकला होता, तो मी प्यालो.

नात आतून सगळं ऐकत होती. ती माझ्याजवळ बसली.

"आबा, ते सिमेंट भरतील. झाकण पक्कं करतील. पुढं पाणचक्कीला जाणारं पाणी ह्याच नळातून जातं, नळ फुटला तर सगळं संपलं. तुम्ही सांगितलं तरच ते थांबतील. माझं कोण ऐकतंय?"

"मी काय सांगू? का आमचा पीर पीर नाय म्हणून? सगळ्या भावकीपुढं?"

ती उठून आत गेली. तिची आजी बी अशीच, नेमक्या वेळी उठून जाते.

गुरुवारी बांधावर सगळी भावकी हजर. एरवी लग्नाला बोलावलं तरी एवढी येत नाही. मंडळीनं मलीद्याचं पातेलं आणलेलं. मुजावर टोपी घालून चटईवर बसलेला. चुलतभावाचा गवंडी सिमेंट कालवत होता. मी गिलाफ काखेत घेऊन पीराला पाठ लावून उभा राहिलो.

"दादा, सरका," चुलतभाऊ म्हणाला.

"नाय सरकत."

"किती वेळ उभे राहणार?"

"तुझं सिमेंट वाळंपर्यंत."

लोकं हसली. गवंडी खोऱ्याला टेकून उभा राहिला. ऊन चढत होतं. मागं खांब गार होता. इतकी वर्षं हात लावला, पण पाठ टेकून असा कधी उभा राहिलो नव्हतो. आणि मला खालून, लई खालून, काहीतरी लागल्यासारखं झालं. ऐकलं म्हणणार नाही. पाठीला लागलं.

मी वळलो, झाकणाला हात घातला. "ये, धर त्या अंगानं," चुलतभावाला म्हणलं.

"डोक्यावरचं झाकण? येड लागलं का तुम्हाला?"

"धर म्हणतो ना! भितो काय बंब्याला? पीर नाय हा. नहरीचा बंबा हाय. माझी नात म्हणती ते खरं हाय." एवढं बोलायला मला त्या झाकणापेक्षा जास्त जोर लागला. भावकीत कुणी हसलं नाही, हे त्यांचं नशीब.

दोघांनी झाकण सरकवलं. आतून गार वारा आला. मी त्याची मान धरून आत वाकवली.

"ऐक."

तो ऐकत राहिला. बराच वेळ. त्याच्या विहिरीचं पाणी त्या उन्हाळ्यात तळाला गेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर आला तेव्हा त्याचं तोंड वेगळंच झालं होतं.

"दादा. पाणी हाय."

"तेच सांगतोय."

"वाहतंय."

"व्हय."

त्यानं आपल्या शेताकडं बघितलं, मग माझ्या, मग परत खांबाकडं. आणि जे बोलला त्यावरून मला खात्री पटली की आमचं रक्त एकच आहे.

"नळ कुणाच्या बाजूनं जातो?"

"आमच्या!"

"कशावरून? उतार तर माझ्याकडं हाय!"

नात मधी पडली. तिनं दोघांनाही दम दिला, की पाणी कुणाच्याच बाजूचं नाही, ते पाणचक्कीचं आहे, आणि कुणी पाईप घातला तर ती पोलिसात जाईल, आजोबा असो का चुलत आजोबा. मुजावर चटईवरून म्हणाला, "अरे झगडा बाद में करो, मलीदा ठंडा हो रहा."

झाकण परत बसवलं. चुलतभावानं गवंड्याला हात केला. गवंड्यानं कालवलेलं सिमेंट कुठं टाकू म्हणून विचारलं, तर चुलतभाऊ त्याच्यावरच खेकसला, जसं काय त्यानंच सगळं काढलं होतं.

मुजावरानं फातेहा पढली. मी कान देऊन ऐकलं. माझ्या आज्याचं नाव खरंच आलं. त्याच्या मागोमाग चुलतभावाच्या आज्याचं बी.

मग मी गिलाफ उलगडला. खांब नीट झाकला जाईल एवढा मोठा आणला होता, एकट्याला आवरेना. वाऱ्यानं उडायला लागला. चुलतभाऊ समोरच उभा होता, हात मोकळे. मी इकडंतिकडं बघितलं, दुसरं कुणी पुढं येईना. मुद्दामच आलं नसेल.

"घे, धर," मी म्हणलं.

त्यानं गिलाफाचं टोक धरलं. मानाचं पुढचं नाही, मागचं.